आंब्याची वाफ

उलवे
रविवार, १९ ऑक्टोबर

आये,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. आपली रंगूआत्या सकाळी इथल्या मार्केटात मासे घेऊन येते आणि दुपारी आपल्या गावी, मोऱ्याला, परत जाते, तिच्याच हातात हे देणार आहे. तिने आधीच विचारलं, "शिव्या-बिव्या नाय ना लिवल्यास?" नाही लिहिल्या. तू सातवी शिकलेली बाई, पेपरातल्या मयतीच्या बातम्या आख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा वाचतेस. पोटच्या पोरीचं एक पत्र वाचायला तुझं काय जातंय?

महत्त्वाचं आधी सांगते. मी वेप सोडली. ती पेनासारखी वस्तू, जिला तू चिलीम म्हणालीस, ती. आज चौदा दिवस झाले. तुझ्या माशांच्या पाटीत पडली ती शेवटची, नवीन घेतलेली नाही. तू म्हणाली होतीस, "सुटली की ये, तवर उंबरा चढू नको." मग आता येऊ का? परवा लक्ष्मीपूजन. मी ऑफिसातल्या जागृतीच्या खोलीत राहते आहे आणि ती उद्या तिच्या गावी चाललीय. मग मी आणि भिंती.

रंगूआत्या म्हणाली, तू अजून पाटी उचललेली नाहीस. उरणच्या बाजारात तुझी जागा रिकामी आहे, कोणी नवीन येऊन बसलं तर बाकीच्या बायका तिला उठवतात. आये, हे माझ्या डोक्यात दिवसभर चालू असतं. फोनवर गिऱ्हाईक ओरडत असतं आणि मला तुझी जागा दिसते.

गणपतीत रूपेशने, तुझ्या गिऱ्हाइकणीच्या पोराने, तुला सांगितलं, तो ड्युटी करतो त्या सीवूड्सच्या मॉलबाहेर तुझी रुतिका धूर काढत होती म्हणून. तू भर बाजारात पाटीवर हात ठेवून आण घेतलीस, "माजी पोरगी धूर काढत असंल तर ही पाटी पुन्ना माज्या डोक्यावर चढनार नाय." माझ्यावर भरवसा ठेवून घेतलीस. खोटी पडली ती माझ्यामुळे. मग शिक्षा मला कर ना. तू का घरात बसलीस?

उत्तर लिही. नाहीतर रंगूआत्याजवळ नुसतं हो म्हण.

रुतिका


रविवार, २६ ऑक्टोबर

आये,

दिवाळी झाली. फटाके दुसऱ्यांचे ऐकले.

रंगूआत्याला विचारलं, पत्र वाचलं का तिने? म्हणाली, "वाचलान, घडी केलान न पेटीत ठेवलान. बोलली काय नाय." आणि फराळाचा डबा माझ्या हातात दिला, तिच्या घरचा आहे म्हणे. आये, तुझ्या करंजीची मुरड मला ओळखू येत नाही असं वाटतं का तुला? डबा पाठवायचा आणि तोंड दाखवायचं नाही, ही कुठली तऱ्हा?

मला राग आलाय, म्हणून आज एवढंच. करंज्या सगळ्या संपवल्या.

रुतिका


रविवार, १६ नोव्हेंबर

आये,

आधी खोटं निस्तरते. चौदा दिवस झाले असं लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. तुझ्या पाटीत पडली ती गेली, पण दुसऱ्याच दिवशी मी नवीन मागवली. या वस्तूवर बंदी आहे, दुकानात उघड विकता येत नाही. पण व्हॉट्सॲपवर दोन अक्षरं टाकली की पार्सल येतं, आंबा हवा की पुदिना तेवढं विचारतात. दिवाळीला घरी यायचं होतं म्हणून तुला खोटं लिहिलं. करंजी खाताना लाज वाटली, पण खाल्ली.

आता तुझा प्रश्न. त्या रविवारी बाजारातून घरी येताना तू एकदाच विचारलंस, "का गो?" मी नुसती तुझ्या मागून चालत होते. तू म्हणशील, "मला नको सांगू, मी तिथंच व्हती." पण तू तुझ्या बाजूने बघितलंस, माझ्या बाजूचं तुला माहीत नाही. मी बर्फ टाकायला वाकले आणि ती खिशातून थेट पाटीत पडली. पाणी लागलं की ती बिघडते आणि आपोआप चालू होते, हे मला तेव्हा कळलं. पापलेटांच्या मधून वाफ निघायला लागली, आंब्याच्या वासाची. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, मासे जळतायत तुमचे." सगळा बाजार खो खो हसला. एक रूपेश तेवढा हसला नाही. पाटी उचललीस, पण डोक्यावर नाही घेतलीस. दोन्ही हातांनी छातीशी धरून चालायला लागलीस, आणि माशाचं पाणी सगळं तुझ्या साडीवर. स्टँडपर्यंत तशीच. मी हात लावायला गेले तर म्हणालीस, "लांब हो."

आणि अजून एक, जे तुला माहीत आहे पण आपण बोललो नाही. गणपतीत तू रूपेशला पाटीला हात लावून माफी मागायला लावलीस, तेव्हा मी तिथेच होते. दोन हातांच्या अंतरावर बर्फ फोडत होते. तो खरं बोलत होता आणि माफी मागत होता, आणि मी बर्फ फोडत होते. खिशात ती होती.

मी एका दवाखान्यात गेले होते, व्यसन सोडवायला मदत करतात तिथे. बाई चांगल्या होत्या. त्यांच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न, सिगारेट किती वर्षं? म्हटलं, कधीच नाही. बिडी? नाही. तंबाखू, मिश्री? नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग यात कशी काय आलीस तू?" अगदी तुझ्यासारखंच विचारलं. मी तिथे टेन्शन वगैरे काहीतरी सांगितलं. टेन्शन सांगितलं की लोकांचं समाधान होतं.

तुला खरं सांगते. पप्पा गेले तेव्हा मी एकोणीसची होते. शेवटी शेवटी त्यांना दोन शब्द बोलले की धाप लागायची, आणि तरी हात उशीखाली बिडीचं बंडल चाचपायचा. तेव्हा तू माझ्याकडून वचन घेतलंस, बिडी-सिगारेट तोंडाला लावणार नाही म्हणून. आये, ते मी पाळलं. आजपर्यंत पाळलंय. हसू नको, हीच तर सगळी मेख आहे. मला कोणी सिगारेट पुढे केली असती तर मी त्याच्याच अंगावर फेकली असती. जागृतीने पुढे केली ती सिगारेट नव्हती. गुलाबी होती, नेलपॉलिशच्या बाटलीसारखी गोंडस. पेटवायची नाही, राख नाही, धूर नाही. "नुसती वाफ आहे गं," म्हणाली. पप्पांच्या बिडीशी तिचं काही नातंच लागत नव्हतं.

आणि मी हात पुढे केला, कारण मला खाली जायचं होतं. आमच्या ऑफिसात सिगारेटवाल्यांना ब्रेक आहे. टीम लीडर उदयसिंह दर दोन तासांनी खाली जातो, त्याच्या मागे सहा-सात जण. कोणाला कुठली शिफ्ट, कोणाची सुट्टी पास, सगळं खाली टपरीजवळ ठरतं. आम्ही वर बसून फोन घ्यायचे. मी एकदा नुसती चहाला म्हणून उठले तर म्हणाला, "तू कुठे निघालीस? तू तर पीत नाहीस." म्हणजे न पिणाऱ्याला दम लागत नाही.

हेही अर्धंच कारण आहे. उरलेलं लिहायला मला तीन रविवार लागले.

तुला आठवतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी जवळा नेला होता डब्यात? डबा उघडला तर एकाने रूम फ्रेशनर आणला आणि माझ्या खुर्चीमागे फवारला. वर मला "सॉरी हां" म्हणाला, गोड हसून. नंतर मी डबा जिन्यात बसून खायला लागले, मग न्यायचाच बंद केला. सकाळी दोनदा अंघोळ करायचे, तुला वाटायचं उकाड्याने. केसांना वास राहतो, बॅगेला राहतो, असं सारखं वाटायचं. लिफ्टमध्ये कोणी नाक जरी खाजवलं तरी मला वाटायचं माझ्यामुळेच.

त्या दिवशी जागृतीबरोबर खाली गेले, दोन झुरके घेतले. खोकलासुद्धा आला नाही. वर येताना लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणालं, "काय भारी वास येतोय." आये, त्या लिफ्टमध्ये मी होते आणि भारी वास येत होता. कोणी सरकलं नाही. बस, एवढंच आहे. लिहिल्यावर किती फालतू दिसतंय बघ.

मला तुझी लाज वाटत होती का? वाटत होती. लिहून टाकलं. आता तू पत्र फाडलंस तरी चालेल.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा मेलेच होते मी. पप्पा गेल्यापासून तू रोज दारात माझी हनुवटी वर करून तोंड हुंगायचीस, माशाचे कल्ले उचलून बघतेस तसं. तुझ्या नाकाला आख्ख्या मोऱ्यात तोड नाही, बायका तुझ्याकडे मासा घेऊन येतात, ताजा की कालचा ते विचारायला. तू हुंगलंस आणि म्हणालीस, "आंबापोली खाल्लीस?" मी हो म्हटलं. तू बाजूला झालीस. मला वाटलं, हिच्या नाकाने पास केलं म्हणजे वाईट नसेल. शप्पथ, मी असा विचार केला.

आता वास-बीस काही राहिलं नाही. आता नुसतं लागतं. जिना चढताना छातीत शिट्टी वाजते. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो. परवा गेला, आणि मला पप्पांचा हात दिसला. मी उठून बसले ती रडतच. कालपासून सोडली आहे. या वेळी खरं लिहितेय, पण तू का विश्वास ठेवावास?

थकले गं मी. रोज खोटं बोलण्याचाही कंटाळा येतो माणसाला.

रुतिका


रविवार, ३० नोव्हेंबर

आये,

पंधरा दिवस. खरे.

डोकं भणभणतं, झोप नाही, जागृतीशी दोनदा भांडले. ती बिचारी आता बाल्कनीत जाऊन ओढते आणि आत येताना चूळ भरते. मला तिच्या ओढण्याचा राग येत नाही, तिला बाल्कनीत जावं लागतं याचा येतो. काय ते डोकं झालंय माझं.

काल रूपेशला भेटले. मॉलच्या पार्किंगमध्ये ड्युटीवर होता, शिट्टी तोंडात. मी म्हटलं, तू खरा होतास, मी तिथे उभी राहून गप्प बसले, माफ कर. गाड्या मागून हॉर्न मारतायत आणि मी माफी मागतेय. त्याने शिट्टी काढली तोंडातून. म्हणाला, "मला नको माफी. काकीला सांग पाटी उचल. माझी आई आता दुसरीकडून मासे घेते आणि रोज घरात शिव्या घालते, शिळे निघाले म्हणून." मग म्हणाला, "मी तुझी चुगली नव्हती केली. मला वाटलं काकीला माहीत असेल तर ती तुला थांबवेल."

मी रंगूआत्याला सांगितलं होतं तुला विचारायला, की मी बाजारात येऊन सगळ्यांसमोर बोलू का, चूक माझी होती, आण माझ्यामुळे मोडली. तुझा निरोप आला, "बाजारात पाय ठेवलास तर बग." ठीक आहे. नाही ठेवत. पण मग करू काय मी? तू बोलत नाहीस, येऊ देत नाहीस, पाटी उचलत नाहीस. दीड महिन्यात तू मला एक निरोप धाडलास आणि तोही धमकीचा.

तो निरोप मी रंगूआत्याला दोनदा बोलायला लावला. तुझ्यासारखाच आवाज काढते ती.

रुतिका


रविवार, १४ डिसेंबर

आये,

मोडलं. सव्वीस दिवस गेले आणि गुरुवारी मोडलं.

मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं. काही नव्हतं. उदयसिंहने माझी सुट्टी नाकारली आणि सगळे खाली गेले, मी वर एकटी. मग मीही गेले. जागृतीची घेतली. ती नको नको म्हणत होती.

मी तुला लिहिणारच नव्हते. अजून आठ दिवस काढायचे, परत सोडायची आणि मग छत्तीस दिवस झाले असं लिहायचं, असा हिशोब मनात तयार होता. पण मग नाताळच्या सुट्टीत घरी येऊन मी तुझ्यासमोर जेवायला बसले असते, तू पानात बोंबील वाढले असतेस, आणि माझ्या पोटात परत खोटं. ते मला नको आता. घर नाही मिळालं तरी चालेल.

म्हणून ऐक. सुटली नाही. पुन्हा सोडणार आहे, दवाखान्यातल्या बाईंनी परत बोलावलंय, त्या म्हणतात एका दमात कोणाचीच सुटत नाही. पण कधी सुटेल ते मला माहीत नाही. महिना लागेल, वर्ष लागेल. तोवर मी येणार नाही. तू सांगितलंस तसंच करते. तू फक्त पाटी उचल. माझ्यासाठी थांबू नको. माझं काही खरं नाही.

करंजीचा डबा रंगूआत्याजवळ परत पाठवतेय. घासलाय.

रुतिका


मोरा
बुदवार

रुतिका,

मना लिवाची सवय नाय. चुकला तर हसू नको.

तुजी पाची पत्रा वाचली. एकपन फाडली नाय. तुला माजी लाज वाटायची, तू लिवलंस. वाटली असंल. तुज्या कालेजात पैसं भरायला येयाची तवा मी पाटी गेटाबाहेर झाडामागं ठेवून आत येयाची. मना कोनी सांगितला नवता ठेव म्हनून. मंग तुला कशी बोलू?

आता माजा ऐक. तू लिवलंस माज्या नाकाला तोड नाय. बरोबर हाय. पयल्याच दिशी मना समजला व्हता. आंब्याला काय बारा महिने मोहर येतो? पावसात आंबा, थंडीत आंबा, न घरात एक आंबापोली आनलेली नाय. तो वास झाडाचा नवता, कारखान्याचा व्हता. पन बिडीचा नवता. मी मनाला सांगितला, बिडी नाय ना, तुज्या बापाचा वास नाय ना, मंग डोला झाक. तू वाफ म्हनून ओढलीस, मी आंबापोली म्हनून सोडली. दोघी सारक्याच.

रूपेस बोलला तवा मना ठावूक व्हता तो खरा हाय. तरी पाटीवर हात ठेवला. चार बायका बगत व्हत्या, न माज्या पोरीला कोन बोलतो ह्याचा राग. म्हनून आन तुज्यामुलं खोटी पडली नाय. मी घेतली तवाच खोटी व्हती. मी घरी बसली ती तुज्या रागानी नाय. कंच्या तोंडानी पाटी उचलू, म्हनून बसली. तुला बाजारात येव दिला नाय तो त्याच्यासाटीच. तू माजा खोटा तुज्या अंगावर घेतला असतास.

आज सकाली गेली. रूपेसला त्याच्या आयशीसकट बोलवला. सगल्यांसमोर बोलली, पोरा, तू खरा व्हतास, मी खोटी व्हती, न मना ठावूक व्हता. कोन हसला नाय. त्यानी पाटी उचलून माज्या डोक्यावर ठेवलान. मान दुखली, सवय गेली व्हती. मांदेली दहा वाजता संपली. रूपेसच्या आयनी पापलेट नेलान न भावात घासाघीस केलान, येवडा सगला पयल्यासारका झाला.

एक गोष्ट तुला सांगितली नाय कदी. तुज्या बापाला पन मी तसाच बोलली व्हती, बिडी सुटली की घरात निजाला ये. तो हट्टी, मी हट्टी. चार महिने बोटीवर निजला. तुला सांगितला बोट लांब गेली हाय. बिडी काय सुटली नाय, चार महिने तेवडे गेले. तो गेल्यावर मी ते किती मोजले ते माजा मना ठावूक.

रविवारी ये. सुटली नसली तरी ये.

आय